फोटोतलं ताट

शिंपीण : श्वास सोडा, ताई. पोट आत ओढू नका. टेपला फसवाल हो, कोटाला कसं फसवणार?

आहारताई : सोडला की.

शिंपीण : कुठे सोडला? धरून बसलाय अजून. लाजता कशाला? या दुकानात पोट आत न घेता माप दिलंय असं एक माणूस दाखवा. परवा एक पोलीस आला होता, हा एवढा दांडगा. त्यानं इतकं आत ओढलं की माझ्या प्रश्नाला उत्तरच देता येईना बिचाऱ्याला. हं, आता आलं खरं माप. दोन इंच सोडावे लागणार.

आहारताई : दोन?

शिंपीण : दीड म्हणू का? बरं, दीड. सोडते मात्र दोनच. काम काय करता?

आहारताई : शिकवते. शाळांमधून. काकू, खरं सांगायचं तर मी कोटासाठी आले नाहीये. म्हणजे कोट आहेच, पण...

शिंपीण : हात वर करा. आणि शाळेचं नाव काढू नका माझ्यासमोर. तोंडात टाचण्या आहेत, गिळेन एखादी.

आहारताई : का? काय झालं?

शिंपीण : आमची गुंडी आहे ना, मुलगी माझी, सोळा वर्षांची. नाव वेगळं आहे तिचं, पण सगळे गुंडीच म्हणतात. दोन वर्षांची असताना इथेच जमिनीवरची गुंडी उचलून गिळली कार्टीनं. दोन दिवस आम्ही नवराबायको तिच्यामागे वाटी घेऊन फिरत होतो. निघाली एकदाची, तर यांनी ती धुतली आणि स्वतःच्याच सदऱ्याला लावली. म्हणे, एवढा प्रवास केलेली गुंडी कुणाकडे असते? असा माणूस. हसताय काय, हात खाली करा आता.

आहारताई : तुमचे मिस्टर... इथेच काम करायचे?

शिंपीण : त्या समोरच्या मशीनवर. चार वर्षं झाली जाऊन. साखरेनं गेले. पायावर कात्री पडली, एवढीशी जखम, ती काही भरली नाही. आधी बोट काढलं, मग पाऊल, मग माणूसच. आता मला सांगा, ज्या घरात हे झालंय, त्या घरातल्या पोरीला भर वर्गात कोणी ताटावरून हसावं?

आहारताई : कोण हसलं?

शिंपीण : सगळा वर्ग. त्यांच्या शाळेत एक बाई येते, आहारताई म्हणतात पोरं तिला. आपल्यातलीच आहे. म्हणजे काय झालं, शाळेनं ठरवलं, आपल्या लोकांना साखर लवकर गाठते, पोरांना आत्तापासून सांभाळा, आणि सांगायचं ते आपल्या बोलीत, आपल्या खाण्यावरून सांगा, परक्याचे तक्ते नकोत. म्हणून हिला खास नेमली. मी तर हरखले होते हो. म्हटलं, बरं झालं, कोणीतरी घरचं भेटलं पोरीला. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले यांच्या आजारपणात.

आहारताई : मग?

शिंपीण : मग गृहपाठ दिला. घरच्या रात्रीच्या ताटाचा फोटो काढून पाठवा. गुंडीनं पाठवला. आणि त्या बाईनं भिंतीएवढा मोठा करून दाखवला तो, भातावर लाल गोल, तळणावर लाल गोल, गोडाच्या दोन वाट्यांवर लाल गोल. आणि म्हणाली काय, हे ताट एका माणसाचं की पलटणीचं? झालं. पोरं हसून लोळली.

आहारताई : फोटोवर नाव नव्हतं.

शिंपीण : नाव कशाला हवं? घर आमचं दुकानाला लागूनच, ताटामागे मशीनचं चाक दिसत होतं. वर्गात शिंप्याची पोर एकच. चार पोरांनी मागे वळून बघितलं तिच्याकडे, पोर मेल्याहून मेल्यासारखी झाली. वळा जरा. पाठ दाखवा.

आहारताई : चाक... चाक दिसलंच नाही.

शिंपीण : अं?

आहारताई : काही नाही. बोला तुम्ही.

शिंपीण : बोलायचं काय राहिलंय? तीन आठवडे झाले, माझ्या हातचं खात नाही. वाढलं की म्हणते, भूक नाही. शेजारी बसत नाही. आणि त्या दिवशी घरी आली तेव्हा दप्तर फेकलं तिथे, त्या कापडाच्या ठाणांवर, आणि मला म्हणाली... जाऊ दे. गिऱ्हाइकाला काय सांगायच्या या गोष्टी.

आहारताई : काय म्हणाली?

शिंपीण : म्हणाली, तू बाबांना खाऊ घालून घालून मारलंस.

आहारताई : अगं आई गं.

शिंपीण : माझी पोर असं बोलणारी नाही हो. तिखट आहे, पण वाईट नाही. कुठून आणलं तिनं हे? मला वाटतं, त्या बाईनं पलटणीनंतर आणखी काहीतरी म्हटलं असणार. मी दहादा विचारलं. सांगतच नाही.

आहारताई : ‘ज्या घरात असं वाढतात, त्या घरात औषधांचं कपाटही मोठं लागतं.’

शिंपीण : काय?

आहारताई : ते म्हटलं होतं. पलटणीनंतर.

शिंपीण : तुम्हाला कसं माहीत?

आहारताई : मीच म्हटलं, काकू. ती बाई मीच.

शिंपीण : तुम्ही?

आहारताई : मला शाळेतून पत्ता मिळाला. दारातच सांगणार होते. पण तुम्ही ‘या, कोट का?’ म्हणालात आणि टेप काढलीत, आणि माझी जीभच उचलेना. कोट मी मुद्दाम आणला होता. नुसतं हात हलवत यायचा धीर नव्हता.

शिंपीण : काढा तो कोट.

आहारताई : काकू...

शिंपीण : काढा म्हणते ना. टाचण्या लावल्यात, टोचतील. टोचल्या तर बरंच होईल म्हणा, पण माझ्या दुकानात नको. वा गं बाई! कंबर मोजून घेतलीत, माझ्या नवऱ्याचा पाय काढून घेतलात माझ्या तोंडून, पोरीचं बोलणं काढून घेतलंत, आणि मी बापडी टेप गळ्यात अडकवून घडाघडा बोलत राहिले. आता याचाही फोटो दाखवा भिंतीवर. काढा लाल गोल.

आहारताई : तुमच्या घरात काय झालंय ते मला माहीत नव्हतं.

शिंपीण : माहीत नव्हतं तर बोललात कशाला?

आहारताई : हसवायला. खरं तेच सांगते. तिसरा तास होता, पोरं पेंगत होती. आपल्या भाषेतला विनोद म्हटल्यावर एकदम जागी झाली. मला बरं वाटलं. हसली तसं आणखी एक वाक्य सुचलं, तेही टाकलं. घरी जाताना खुशीत होते मी.

शिंपीण : परकी बाई असती ना, तर पोरांनी अर्धं ऐकलंच नसतं. तिचं वाक्य तिच्यापाशी राहिलं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून एवढं लागलं.

आहारताई : हो.

शिंपीण : हो काय नुसतं?

आहारताई : दुसरं काय म्हणू? लाज वाटते, एवढंच आहे माझ्याकडे. आणि एक कागद आहे. त्यासाठी आले मी. माफी मागायला आले असं सांगितलं तर तेही अर्धंच खरं होईल.

शिंपीण : कसला कागद?

आहारताई : वर्ग सुरू व्हायच्या आधी सगळ्या मुलांचं रक्त तपासलं होतं. तुमची सही घेऊन.

शिंपीण : केली होती सही. पुढे काही आलं नाही म्हणून मी समजले, ठीक असेल.

आहारताई : पत्र आलं होतं घरी. त्यावरही पालकांची सही होऊन परत आलं. ही बघा.

शिंपीण : ही माझी नाही. मी ‘श’ला अशी शेपटी काढत नाही. ही... ही गुंडीनं केली. काय लिहिलंय यात? चष्मा कुठे ठेवला मी? वाचा तुम्ही. नाही, वाचू नका, नुसतं सांगा. झाली का तिला?

आहारताई : नाही झालेली. काठावर आहे. पुन्हा एकदा उपाशीपोटी तपासायचं होतं, त्या दिवशी ती आली नाही. माझ्या वर्गाला तर त्या फोटोच्या दिवसापासूनच येत नाही. काठावरून मागे येता येतं, काकू. या वयात तर नक्कीच येतं. पण ती आलीच नाही तर मी काय करू? आणि ती माझ्यामुळे येत नाही.

शिंपीण : थांबा. मला बसू दे जरा.

आहारताई : पाणी देऊ?

शिंपीण : तुम्ही काय देता, माझ्या दुकानात मलाच. बसा तुम्हीपण, त्या स्टुलावर. कापडं सरकवा... सोळा वर्षांची आहे हो. यांना चाळिशीत लागली होती. आणि ही पोर स्वतःच पत्र वाचते, स्वतःच सही करते, आणि मी इथे लोकांच्या पँटी आखूड करत बसलेय.

आहारताई : तुम्हाला घाबरवायचं नव्हतं तिला.

शिंपीण : तुम्हाला एक विचारू? तो फोटो बघून तुम्हाला वाटलं, ही बाई पोरीला रोज एवढं कोंबते, असंच ना?

आहारताई : हो.

शिंपीण : तसं ताट आमच्याकडे वर्षातून तीनदा होत असेल. तेही नशीब असेल तर. फोटो शाळेत जाणार म्हटल्यावर मी दुकान लवकर बंद केलं त्या दिवशी. भात केला, वर तूप ओतलं, दोन तऱ्हेचं तळलं, गोडाचं केलं, ते एका वाटीत कमी दिसतंय म्हणून दोन वाट्या भरल्या. गुंडी म्हणत होती, आई, नको गं एवढं. मी म्हटलं, गप. मास्तरीणबाई बघणार. बापाविना पोर आहे, आई उपाशी ठेवते असं वाटायला नको कुणाला.

आहारताई : आणि रोज?

शिंपीण : विचारू नका.

आहारताई : मी नाही लिहून घेत काही. वहीसुद्धा काढली नाही.

शिंपीण : रोज चहा. चहा आणि बिस्किटं. सकाळी तेच. संध्याकाळी गिऱ्हाईक उभं असतं, मी मशीनवर, ती अभ्यासाला त्या पाटावर, मध्ये पुडा फोडलेला. साखर जरा जास्त घालते, पोट भरल्यासारखं वाटतं. जेवणाची वेळ होते तोवर दोघींची भूक मेलेली. मग म्हणते, चल, उद्या करू काहीतरी. असे चार वर्षांचे उद्या झालेत. घ्या. आता कळलं तुम्हाला? झाकली मूठ होती, तुम्ही लाल गोल काढलात तो नेमका खोट्या ताटावर. आणि मी तुमच्यावर चिडायला मोकळी झाले.

आहारताई : मला कळायला हवं होतं.

शिंपीण : कसं कळणार? ज्योतिषी आहात?

आहारताई : माझी आई हेच करायची. माझ्या डब्यात. शाळेत तपासणीला बाई येणार असल्या की त्या दिवशीचा डबा उघडता उघडत नसे, एवढा ठासून भरलेला. एरवी काय असायचं ते मी कोणाला दाखवत नसे, झाकणाआड खायची. ‘आपल्या घरातलं मला कळतं’, या एका वाक्यावर मला हे काम मिळालं, काकू. आणि मी पोरांना फोटो मागितले. आपल्या लोकांकडे फोटो मागितला तर आपण काय वाढून पाठवणार, हे मला नाही कळलं तर कोणाला कळणार?

शिंपीण : झाकणाआड खायचात तुम्ही?

आहारताई : सहा वर्षं.

शिंपीण : मग तरी हसलात.

आहारताई : तरी हसले.

(दाराची घंटा वाजते. पाठीवर दप्तर, अंगावर शाळेचे कपडे, अशी मुलगी आत येते आणि उंबऱ्यातच थांबते.)

गुंडी : ह्या इथे काय करतायत?

शिंपीण : आत ये आधी. दार लाव.

गुंडी : नाही. मॅडम, तुम्ही घरापर्यंत आलात? वर्गात झालं तेवढं पुरे नाही झालं का?

आहारताई : मी माफी मागायला...

गुंडी : नको मला. तुम्ही वर्गात मागाल, मग सगळे परत वळून बघणार. सॉरी बोललात की तुम्हाला बरं वाटेल. मला तिथेच बसायचंय ना.

आहारताई : वर्गात नाही मागणार. तू म्हणशील तिथे, तू म्हणशील तसं.

शिंपीण : गुंडे, ही सही कोणाची?

गुंडी : कसली सही?

शिंपीण : मी ओरडत नाहीये. विचारतेय.

गुंडी : माझी.

शिंपीण : का?

गुंडी : तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस. बाबांच्या वेळी बाथरूमचा नळ सोडून रडायचीस तशी. मला वाटायचं, नळ बिघडलाय.

शिंपीण : आणि माझ्या हातचं खात नाहीस ते? किळस येते का गं माझी?

गुंडी : किळस? काहीही काय बोलतेस!

शिंपीण : मग काय ते सांग ना एकदाचं. तीन आठवडे झाले विचारतेय मी. तू जे म्हणालीस बाबांचं, त्याचा राग नाही मला. खरंच असेल ते. मी वाढत होते, ते खात होते. सगळ्या घराला माहीत होतं, डॉक्टर नको म्हणालेत.

गुंडी : खरं नाहीये ते, आई.

शिंपीण : अर्धं तर आहे. मला पुडे सापडायचे. त्या निळ्या ठाणामागे, बिस्किटांचे, रिकामे. मी काही न बोलता उचलून टाकून द्यायचे. म्हणायचे, माणसाचा पाय गेला, एवढा जीव तरी रमू दे. मी बघून न बघितल्यासारखं केलं, गुंडे. ते लाल गोल बघायला मी वर्गात नव्हते, पण मला बरोबर लागले.

गुंडी : ते पुडे कोण आणायचं, आई?

शिंपीण : तेच आणत असतील.

गुंडी : पाय कुठे होता त्यांना? शाळेतून येताना मी आणायचे. बाबा म्हणायचे, आपलं दोघांचं गुपित, आईला कळू द्यायचं नाही. मला इतकं भारी वाटायचं. रोज एक. कधी दोन. डॉक्टर नको म्हणालेत ते मी ऐकलेलं होतं. तरी आणायचे. मॅडम कपाटाचं बोलल्या ना, तेव्हा पोरं हसत होती त्याचं काही नाही. मला वाटलं, यांना कळलं. मग घरी येऊन मी तुझ्यावर ढकललं. तुझ्यासमोर जेवायला बसले की तेच आठवतं. घास उतरत नाही. बस, एवढंच.

शिंपीण : ये इकडे.

गुंडी : नको.

शिंपीण : ये गं. दप्तर राहू दे पाठीवर, ये. बारा वर्षांची होतीस तू. बाप म्हणाला आण, लेकरानं आणलं. त्यात तुझं काय चुकलं? नाही म्हणायचं काम माझं होतं. मी बायको होते त्यांची. आणि पुडे कोण आणतं हे मी एकदाही मनाला विचारलं नाही. पाय नाही माणसाला, दुकानात जाणार कसा? एवढं न कळायला मी काय खुळी आहे? मला कळून घ्यायचंच नव्हतं.

गुंडी : तुझा पण राग आला होता मला. थोडा.

शिंपीण : असू दे. थोडा ठेव. एकदम गेला तर मलाच चुकल्यासारखं वाटेल.

आहारताई : मी... मी बाहेर थांबते.

शिंपीण : बसा. सगळं ऐकलंत, आता बाहेर जाऊन काय करणार? पुन्हा रक्त कधी घेतात?

आहारताई : उद्याच घेता येईल. सकाळी आठ वाजता, उपाशीपोटी. शाळेत नाही, दवाखान्यात. तिथे कोणी ओळखीचं नसेल. मी स्वतः असेन. गुंडी, तुला मी नको असेन तर दुसऱ्या बाईंना सांगते.

गुंडी : परत काठावरच निघालं तर?

आहारताई : तर आपण त्यावर काम करू. आणि सुरुवात भातापासून करायची नाही. चहापासून करू. तेवढं तर मी आज शिकले.

गुंडी : आई! तू चहाचं सांगितलंस यांना?

शिंपीण : सांगितलं.

गुंडी : शी, आई!

शिंपीण : सांगितलं बाई. झाली ती शोभा झाली. उद्या माझंही रक्त घ्याल का हो? एवढी वर्षं यांच्या मागे हिंडले दवाखाने, पण माझं कधी कोणी बघितलं नाही. मीही नाही.

आहारताई : घेऊ. दोघींचं घेऊ.

गुंडी : मी येईन. पण वर्गात नाही येणार इतक्यात.

आहारताई : चालेल.

गुंडी : आणि तो फोटो काढून टाका.

आहारताई : त्याच दिवशी काढायला हवा होता. आज जाऊन काढते.

शिंपीण : आता वाजले किती? सहा. दुकान बंद करते मी. घरी तांदूळ आहेत, भाजी आहे कालची आणलेली, चिरायची तशीच पडलीय. गुंडे, खाशील?

गुंडी : तू बसशील का समोर? म्हणजे मशीनवर नाही. समोर.

शिंपीण : बसेन की.

आहारताई : काकू, मी मदत करू का काही? भाजी चिरायला वगैरे? मला आवडेल.

शिंपीण : नको, ताई. रागावू नका, पण तुम्ही आता निघा. तुमच्यासमोर जेवायची आम्हाला अजून लाज वाटते.